विरजणाची माती बडोद्याला

बडोद्याहून परतल्यापासून गावात जो भेटेल तो विचारतो, राजवाडा पाहिलात का? पाहिला, फाटकाबाहेरून. दुसरा प्रश्न, तिकडचं वरण खरंच गोड असतं का? असतं. आम्ही कशाला गेलो होतो हे मात्र कोणी विचारत नाही. निवृत्त माणूस बायकोला घेऊन फिरायला गेला असेल, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. म्हणून हे लिहायला बसलो. मी बायकोला घेऊन गेलो नव्हतो, बायको मला घेऊन गेली होती. आणि आम्ही गेलो होतो तुरीची मुळं उपटून बघायला.

आधी थोडं मागचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमचं गाव पाचोऱ्याजवळ. मी एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होतो, त्यामुळे शेताचं सगळं कमलच बघायची. सहा-सात वर्षांपूर्वी आमच्या तुरीत मधे मधे चट्टे पडायला लागले. तिथली झाडं खुरटायची, दुपारच्या उन्हात मान टाकायची, शेंगा पोचट राहायच्या. मी म्हटलं, मर रोग असेल, पुढच्या वर्षी दुसरं बी आणू. कमलने माझं ऐकलं नाही. तिने एक झाड मुळासकट काढलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि बसने तालुक्याच्या शेती केंद्रावर घेऊन गेली.

तिथल्या साहेबांनी तिला मुळावरच्या गाठी दाखवल्या. सूत्रकृमी. दोऱ्यासारखे किडे, पण इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत. ते मातीतून मुळात शिरतात, तिथेच बसून खातात आणि मूळ जागोजाग सुजतं. साहेबांनी तिला एक पुडी दिली. पुडीत मातीच होती, पण त्या मातीत मुळांमध्ये राहणारी चांगली बुरशी होती. बी पेरताना ती खाली टाकायची. ती आधी मुळात घर करते, मुळाला दूरचं पाणी आणि खत आणून देते, मूळ दणकट होतं आणि कृमींना शिरायला, वाढायला जागा कमी उरते.

पुडी होती मूठभर. कमलने विचारलं, "साहेब, याचं विरजण लागतं का?"

साहेब आधी हसले आणि मग म्हणाले, "लागतं. पण दुधात नाही, जिवंत मुळावर लागतं."

घरी आल्यावर तिने माझ्याकडून पाण्याची एक फुटकी टाकी आडवी कापून घेतली. त्यात धुतलेली वाळू आणि माती भरली, ती पुडी पसरली, वर मका पेरला. तीन महिने त्याला जपलं, शेवटचे दहा दिवस पाणी तोडलं, मका वरून कापून टाकला आणि खालची मुळं बारीक चिरून त्याच मातीत कालवली. झालं विरजण. पुढच्या हंगामात एका टाकीच्या चार झाल्या. मी तिला चिडवायचो, "मातीचं लोणचं घातलंस का यंदा?" ती पुढची टाकी भरत राहायची. चौथ्या वर्षी आमच्या तुरीत चट्टा कुठे आहे हे शोधावं लागलं, तेव्हा माझं चिडवणं आपोआप बंद झालं.

यंदा मे महिन्यात एका लग्नाला तिचा मामेभाऊ प्रताप मोहिते बडोद्याहून आला. त्याचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, तेव्हापासून हे मोहिते बडोद्याचेच. प्रताप वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात नोकरी करतो. त्याच्याबरोबर पाळीत काम करणारे कनुभाई तिथल्याच एका गावचे, आणि त्यांची तूर हुबेहूब आमच्यासारखी बसली होती. प्रताप जाताना विरजणाच्या मातीची दोन पोती गाडीत घालून घेऊन गेला. कमलने कागदावर कसं पेरायचं ते लिहून दिलं. प्रतापच्या बायकोने, सुनीतावहिनीने, त्याचं गुजराती केलं. आणि सप्टेंबरात प्रतापचा फोन आला: "ताई, कनुभाई मूळ काढून गावाला दाखवणार आहेत. शेतीच्या प्रयोगशाळेतल्या एक मॅडमपण येणार. तू ये ने!"

स्टेशनावर

सुरत सोडल्यावर कमल खिडकीतून हलली नाही. भरूचच्या पुलावरून नर्मदा दिसली तेव्हा तिने हात जोडले, आणि करजण मागे पडेपर्यंत कापसाच्या काळ्या रानांकडे बघत राहिली. "ही माती आपल्यासारखी दिसते," ती म्हणाली. "अशा भारी मातीत कृमी कमी माजतात. वाघोडियाची हलकी असेल बघा." ती आयुष्यात पहिल्यांदा गुजरातेत आली होती.

बडोद्याच्या फलाटावर उतरलो आणि पहिलाच प्रसंग ओढवला. माझ्या खांद्यावर नव्या मातीची एक पिशवी होती, चांगली दहा किलोंची. एका रेल्वे पोलिसाने थांबवलं. पिशवी उघडायला लावली, आत हात घातला, वास घेतला.

"क्या है?"

मी म्हटलं, "मिट्टी."

"कहाँ से लाये?"

"जळगाव जिल्हा."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मलाच आपली शंका यायला लागली. बडोद्यात काय मातीचा दुष्काळ पडला होता? तेवढ्यात कमल पुढे झाली आणि सरळ मराठीत सांगायला लागली, की ही साधी माती नाही, हिच्यात बुरशी आहे, ती तुरीच्या मुळात राहते, आणि तुमच्या घरी शेती असेल तर तुम्हीपण लावा. पोलिसाला निम्मं कळलं असेल. पण "तुरी" कळलं. म्हणाला, "तुवेर? मेरे गाँव में भी है." मग आमची पाच मिनिटं तिथेच गेली. शेवटी त्यानेच पिशवीचं तोंड बांधून दिलं.

प्रतापचं घर शहराच्या जुन्या भागात, मांडवीच्या पलीकडे आहे. दारात रांगोळी, आत देवघरात खंडोबा, भिंतीवर पणजोबांचा फेट्यातला फोटो. बोलणं मात्र ऐकत राहावं असं. "दाजी, बसा ने. पंखो चालू करतो. आधी नास्तो की आधी आंघोळ?" त्यांचा मुलगा घरात मराठी बोलला, दारात मित्र आला तसा गुजराती झाला आणि फोनवर साहेबांशी इंग्रजी. तिन्ही भाषांत तो सारखाच मोकळा होता. आमच्याकडे पोरं अहिराणी बोलायलाही आता लाजतात, ते मला आठवलं.

संध्याकाळी प्रतापने सेव-उसळ खायला नेलं. पांढऱ्या वाटाण्याची झणझणीत उसळ, वर शेवेचा डोंगर, हिरव्या पातीचा कांदा आणि पाव. आमच्या खानदेशी जिभेलाही घाम फुटला. मी मनात म्हटलं, हे लोक गोड खातात असं कोण म्हणतं? त्याचं उत्तर रात्रीच्या जेवणात मिळालं. वरणात गूळ, भाजीत साखर, आणि लोणचंही गोड. सुनीतावहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "भाऊजी, गोड लागलं ने? आमची जीभ आता अशीच झाली." कमलने पिशवीतून आमच्याकडचा मिरचीचा ठेचा काढून त्यांच्यासमोर ठेवला. वहिनींनी एक बोट चाटलं, अर्धा तांब्या पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "हा डबा मी परत देणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाडा आणि सुरसागर तलाव झाला. अलकापुरीत प्रतापने दुकानं दाखवली. खरं सांगायचं तर कमलचं कशातच लक्ष नव्हतं. तलावाच्या कठड्याला टेकून ती मला विचारत होती, "अहो, पोती उन्हात तर ठेवली नसतील ना त्यांनी?"

वाघोडियाच्या वाटेवर

तिसऱ्या दिवशी सकाळी निघालो. शहर संपलं की कारखान्यांच्या भिंती लागतात, आणि त्या संपल्या की एकदम मोकळी शेतं. माती खरंच हलकी, पिवळट, बोटांतून सुटणारी. तिकडे तिला गोराडू म्हणतात. कमलने गाडी थांबवून ती हातात घेतली आणि प्रतापला म्हणाली, "इथे कृमी नसतील तर नवल."

कनुभाईंच्या अंगणात खाटा टाकल्या होत्या. आमच्याकडे पाहुणा आला की आधी पाण्याचा तांब्या आणि मग विचारपूस. इथे पाणी, चहा, गाठिया आणि तळलेली मिरची एकाच वेळी समोर आली, आणि वर ताकीद, "जमीने जजो." म्हणजे जेवल्याशिवाय सोडणार नाही. कनुभाई बुटके, हसरे, कारखान्याचा निळा सदरा घातलेले. रात्रपाळी करून तसेच थांबले होते. त्यांची बायको शारदाबेन डोक्यावरचा पदर पुढे ओढून कप देत होती. तिच्याशी कमलने बोलायचा प्रयत्न केला, पण अंगणात मोठी माणसं बसली होती, ती नुसती हसली.

गावातले पंचवीसेक लोक जमले. त्यात रमणकाका म्हणून एक वयस्क गृहस्थ होते, पांढरी टोपी, हातात काठी. ते काही बोलले की बाकीचे थांबत, त्यावरून त्यांचा मान कळत होता. प्रयोगशाळेच्या मॅडम, पारुलबेन, पस्तिशीच्या असतील. डोक्यावर उन्हाची टोपी, खांद्याला कातडी पिशवी. बडोद्यातच वाढलेल्या, त्यामुळे त्यांना मराठी समजायचं. त्या कमलला म्हणाल्या, "मी आज काहीच बोलणार नाही, फक्त बघणार. पटलं तर तुमची पद्धत आमच्याकडे रीतसर करून बघू."

म्हणजे आज परीक्षा होती. कमलने पदर खोचला.

आधी माती न टाकलेल्या पट्ट्यातलं झाड काढलं. कनुभाईंनी कुदळीने भोवती खणलं आणि झाड वर आलं. मुळं आल्याच्या गड्ड्यासारखी गाठाळलेली. रमणकाका पुढे वाकले आणि म्हणाले, "तुवेरने गांठ तो होय ज ने. गांठ होय ए सारुं." तुरीला गाठी असायच्याच, गाठी असल्या की चांगलंच.

बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. त्यांचंही बरोबर होतं. तुरीच्या मुळावर चांगल्या गाठी असतातच. त्यांतले जिवाणू हवेतलं नत्र झाडाला देतात, हे शेतकऱ्याला ठाऊक असतं. कमलने मूळ पाण्यात खळबळून धुतलं आणि रमणकाकांच्या पुढे धरलं.

"काका, अंगठ्याने काढून बघा."

त्यांनी एका बारीक गाठीला नख लावलं. ती टपकन सुटून आली. कमलने ती चिमटीत फोडली, आत गुलाबी निघाली. "ही आपली. मुळाला बाहेरून चिकटलेली असते, नख लावलं की सुटते." मग तिने शेजारची जाडसर गाठ दाखवली. काकांनी नख लावलं, जोर केला. गाठ सुटेना, मूळच सोललं. "ही सुटत नाही, कारण ही वेगळी गाठ नाहीच. मूळच सुजलंय. आत कृमी बसलाय." प्रताप एकेक वाक्य गुजरातीत सांगत होता, पण लोक त्याच्याकडे बघतच नव्हते. सगळे कमलच्या अंगठ्याकडे बघत होते. दोन-तीन जणांनी स्वतः मुळं हातात घेऊन करून पाहिलं. मी एसटीत तीस वर्षं नव्या पोरांना इंजिन शिकवलं, पण इतक्या थोड्यात मला कधी काही सांगता आलं नाही.

मग कमलची माती टाकलेला पट्टा आला. कनुभाईंनी मोठ्या हौसेने झाड निवडलं, खणलं, वर काढलं, पाण्यात बुडवलं.

तशाच गाठी.

दुसरं काढलं. तशाच. तिसऱ्यात थोड्या कमी, पण त्याला फरक म्हणायला माझीही जीभ वळली नसती.

"बेन, आमां कंई फेर नथी," मागून कोणीतरी म्हणालं. यात काहीच फरक नाही. आवाजात कुचेष्टा नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. कनुभाईंचा चेहरा उतरला. पारुलबेन वहीत काहीतरी लिहीत होत्या. मला वाटलं, कमलचा हात धरावा, गाडीत बसवावं आणि सरळ स्टेशन गाठावं. इतक्या लांब, परक्या गावात, पंचवीस लोकांसमोर.

कमल ती तीन मुळं मांडीवर घेऊन बांधावर बसली. बराच वेळ उलटसुलट करून बघत राहिली. मग तिने मान वर केली आणि कनुभाईंना विचारलं, "दादा, बियाला काय लावलं होतं?"

"दवा," कनुभाई म्हणाले. दुकानदाराने दिलेली लाल पावडर, बुरशी मारायची. दर वर्षी लावतात. बी कुजू नये म्हणून.

कमलने डोळे मिटले. "बुरशी मारायचं औषध लावलेलं बी आपण बुरशीवर ठेवलं," ती म्हणाली. "ती जगणार कशी?" मग ती उठली आणि सगळ्यांकडे बघून म्हणाली, "चूक कनुभाईंची नाही, माझी आहे. मी घरचं बी वापरते, त्याला काही लावत नाही. त्यामुळे चिठ्ठीत ते लिहायचं माझ्या ध्यानातच आलं नाही. मी लिहायला हवं होतं."

प्रताप क्षणभर थांबला. हे भाषांतर करू का, असं त्याने डोळ्यांनी विचारलं. "सांग," कमल म्हणाली. त्याने सांगितलं.

रमणकाकांनी काठी जमिनीवर टेकली. "ए तो हवे कहेवानी वात," ते म्हणाले. आता काय, काहीही सांगता येतं. दोघे-तिघे हसले आणि लोक हळूहळू घराकडे वळायला लागले.

पेला छेडे

तेवढ्यात मागून बाईचा आवाज आला. "पेला छेडे जुओ ने." त्या टोकाला बघा ना.

शारदाबेन होती. पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला, पण आवाज स्पष्ट. कनुभाईंनाच आश्चर्य वाटलं. तिने जे सांगितलं ते असं: पेरणीच्या दिवशी दुकानचं बी संपलं, शेवटच्या चार ओळी उरल्या. कनुभाई पाळीला निघून गेले होते. मग तिने घरात डब्यात ठेवलेलं खाण्याचंच जुनं बी घेतलं, सुनीतावहिनींनी लिहिलेली चिठ्ठी वाचली आणि चिठ्ठीत होतं तसं प्रत्येक बियाखाली चिमूट चिमूट माती टाकून ते लावलं. "में मारा हाथे वाव्युं," ती म्हणाली. मी माझ्या हाताने पेरलं.

"पावडर?" कमलने विचारलं.

शारदाबेनने नकारार्थी मान हलवली.

सगळे त्या टोकाला गेले. वरून बघता झाडं थोडी हिरवी वाटत होती, पण मी आता कशावरच विश्वास ठेवणार नव्हतो. कनुभाईंनी कुदळ उचलली, तर रमणकाकांनी त्यांना थांबवलं. "झाड हुं कहुं ए." झाड मी सांगेन ते काढायचं. ते ओळीतून सावकाश चालत गेले आणि त्यांनी मुद्दाम एक किडकिडीत झाड काठीने दाखवलं. मी मनातल्या मनात त्यांना फार वाईट बोललो.

कनुभाई खणायला लागले. मूळ सुटेना. आधीची झाडं चार घावांत निघाली होती, हे धरून बसलं होतं. शेवटी आडवी कुदळ घालून ते उचललं, आणि मातीचा केवढा तरी गड्डा मुळांबरोबर वर आला. बारीक पांढऱ्या तंतूंनी माती घट्ट धरून ठेवली होती. कमलने घाई केली नाही. तिने तो गड्डा बादलीत सोडला आणि माती आपोआप विरघळेपर्यंत थांबली. मग अलगद वर काढला.

मुळांचा दाट झुपका होता, म्हाताऱ्या माणसाच्या दाढीसारखा. त्यावर बारीक गाठी होत्या खूप. रमणकाकांनी मूळ कमलच्या हातातून स्वतःच्या हातात घेतलं, चष्मा वर सरकवला आणि अंगठा लावायला सुरुवात केली. एक सुटली. दुसरी सुटली. तिसरी सुटली. बऱ्याच वेळाने त्यांना एक न सुटणारी सापडली, मग अजून एक. तेवढीच. त्यांनी मूळ उलटं करून पुन्हा पाहिलं, आणि मग शेजारच्या माणसाकडे दिलं. तोही अंगठा लावायला लागला.

मग त्यांनी कमलला विचारलं, "आ जीव मरी जाय?" हे किडे मरतात का?

तिने "हो" म्हटलं असतं तरी त्या क्षणी सगळ्यांनी मानलं असतं. ती म्हणाली, "सगळे मरत नाहीत, काका. दोन तुम्हालाच सापडले ना! पण मुळात आधी ही बुरशी शिरलेली असली तर त्यांचं फारसं चालत नाही. आणि एका वर्षात सगळं होत नाही, मला चार वर्षं लागली."

"मारे त्यां चाले?" माझ्याकडे चालेल का?

"तुमची मुळं बघितल्याशिवाय नाही सांगणार."

रमणकाकांनी तिच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदा हसले. "तो चालो," ते म्हणाले, आणि काठी टेकत स्वतःच्या शेताकडे निघाले. अख्खी मंडळी त्यांच्यामागे. जेवायला आम्हाला अडीच वाजले. पुरी, बटाट्याची रस्सा भाजी, कढी आणि तुरीचीच डाळ, गोड. मी दोनदा मागून घेतली. कमल जेवली स्वयंपाकघरात, शारदाबेनच्या शेजारी बसून. पदर आता डोक्यावर मागे सरकला होता आणि दोघी आपापल्या भाषेत एकाच वेळी बोलत होत्या. माझ्या पिशवीतली दहा किलो माती तिथेच राहिली, आणि प्रतापने गावातून एक फुटकी टाकीसुद्धा मिळवली.

निघताना पारुलबेनने औषधाच्या बियाची आणि शारदाबेनच्या ओळींतली मुळं वेगवेगळ्या पिशव्यांत भरली. म्हणाल्या, "उद्या दुपारी प्रयोगशाळेत या. आणि शारदाबेनना आणा."

निळी मुळं

शारदाबेन वाघोडियाहून एकटी बसने आली. चॉकलेटी रंगाची, घडी न मोडलेली साडी नेसून. पारुलबेनने मुळं उकळून पांढरी केली होती आणि मग निळी रंगवली होती. कशाने, तर स्वयंपाकाचं व्हिनेगर आणि पेनातली शाई. कमलला हे फार आवडलं. "हे तर आपल्याकडेही होईल," ती मला म्हणाली.

सूक्ष्मदर्शकाखाली काच सरकवून पारुलबेन बाजूला झाल्या. कमल पुढे झाली आणि थांबली. "आधी तुम्ही बघा," ती शारदाबेनला म्हणाली. "रोप तुमचं आहे."

शारदाबेनने एक डोळा मिटून पाहिलं. मग तोंडावर हात धरला. मग कमल बसली.

ती इतका वेळ बघत राहिली की मला काळजी वाटायला लागली. इतकी वर्षं तिने त्या टाक्यांना पाणी घातलं, ऊन लागू दिलं नाही, लग्नाकार्याला गेली तरी शेजारणीला सांगून गेली. आणि ज्याच्यासाठी हे केलं ते तिने कधी पाहिलंच नव्हतं. बुरशी आहे असं केंद्रावरच्या साहेबांनी सांगितलं होतं, झाडं बरी झाली होती, म्हणून ती मानत आली होती.

"अहो, या," ती म्हणाली. मी डोळा लावला. मुळाच्या आत निळे धागे पसरलेले, मधे मधे गोल थैल्या, आणि एका कप्प्यात तर बारीक फांद्यांचं अख्खं झाड. दुसऱ्या काचेवर औषध लावलेल्या बियाचं मूळ होतं. ते जवळजवळ रिकामं होतं. आत फक्त एक फुगलेली कृमीची मादी, लिंबासारखी, आरामात बसलेली.

मी वळून पाहिलं तर कमल खिडकीबाहेर बघत होती. काही विचारावं असं तिचं तोंड नव्हतं.

पारुलबेनने मग शेजारच्या वर्गातली दहा-बारा मुलंमुली बोलावली. शेतीशास्त्र शिकणारी, पांढऱ्या कोटातली. "या कमलबेन. तुरीच्या मुळांतली ही बुरशी यांनी घरी जिवंत ठेवलीय, दर वर्षी. कशी ते विचारा." कमलने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मी काय सांगणार होतो?

ती स्टुलावर बसली आणि बोलायला लागली. पहिली दोन वाक्यं अडखळली. मग हात सुटले. वाळू किती धुवायची, मकाच का, पाणी कधी तोडायचं, सुपरफॉस्फेट जास्त झालं तर बुरशी का रुसते, कोणत्या वर्षी कोणती टाकी वाया गेली आणि का. जिथे चुकली तिथे चुकले म्हणाली. चिठ्ठीतली चूकही सांगितली, कालच कळलेली. मुलं लिहून घेत होती. पारुलबेन उभ्या होत्या, त्याही लिहीत होत्या. मराठी न कळणाऱ्यांना एक मुलगी हळू आवाजात गुजरातीत सांगत होती.

शेवटी एका चष्मेवाल्या मुलीने हिंदीत विचारलं, "मॅडम, आपने पढ़ाई कहाँ की?"

आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली. पाहुण्यांत, बँकेत, मुलांच्या शाळेत, हा प्रश्न आला की कमल बाजूला होते आणि मला उत्तर देऊ देते. मी पाऊल उचललंसुद्धा.

"नववीपर्यंत," ती म्हणाली. मराठीतच, सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "दहावीला बसले नाही. पण हे मला येतं."

मी उचललेलं पाऊल मागे घेतलं. मागच्या भिंतीशी उभा राहिलो. तिथून मला तिची पाठ दिसत होती, ताठ, आणि तिच्यासमोर पुढचा प्रश्न विचारायला वर झालेले तीन हात.